वर्सोव्याची थंडी आणि टाकींतले मासे

मुंबईकरास थंडीचें कौतुक फार, कारण ती त्याच्या वाट्यास फारशी येतच नाहीं. तथापि ही एवढीशी थंडीही एखाद्या घरीं किती चिंता उत्पन्न करूं शकते, तें आम्हीं मागील पौषांत वर्सोव्यास पाहिलें.

मेट्रोचें वर्सोवा स्थानक २०१४ सालीं झालें खरें, पण मूळ गांव तेथून बरेंच पुढें आहे. सात बंगले मागें टाकून यारी रोडनें उत्तरेस निघालें कीं डाव्या हातास समुद्र, आणि शेवटीं खाडीच्या मुखाशीं कोळीवाडा. बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत असतात. त्यांचा वास ज्यास सोसत नाहीं त्यानें इकडे येऊं नये हें उत्तम! १९६१ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थाही याच वर्सोव्यांत आहे. तेव्हां येथें गच्चीगच्चीवर मासे पाळूं लागले तर नवल तें काय?

आमचे यजमान निवृत्त शिक्षक; घर कट्टर शाकाहारी. त्यांनीं गच्चीवर हजार लिटरच्या टाकींत तिलापिया मासे सोडले आहेत, तेही पालकासाठीं! माशांच्या मलमूत्रांतील अमोनियाचें जीवाणू नायट्रेट बनवितात, तें खडीच्या वाफ्यांतील भाजी शोषून घेते, आणि निवळलेलें पाणी पुन्हां टाकींत येतें. ॲक्वापॉनिक्स तें हेंच.

परंतु यांतील माशांना व जीवाणूंना थंडी मानवत नाहीं. तिलापिया पंचवीस ते तीस अंशांत सुखी. पाणी विसाच्या खालीं गेलें कीं त्याची भूक मंदावते, आणि दहा-अकराच्या सुमारास प्राणावर बेततें. जीवाणूही आळसावतात. आदल्या वर्षींच्या थंडींत यजमान नेहमींइतकेंच खाद्य टाकीत राहिले. तें खाल्लें न जातां कुजलें, अमोनिया साचला, आणि आठवड्यांत निम्मे मासे गेले. घरांतील नातवंडें दोन दिवस धड जेवलीं नाहींत.

मग विजेचा हीटर आला. पण गणिताच्या शिक्षकास हिशेब केल्यावांचून चैन कोठून पडणार? हजार लिटर पाणी चार अंशांनीं तापविण्यास चार हजार किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटांत ८६०. म्हणजे साडेचार युनिटांहून अधिक खर्च, आणि उघड्या टाकींतून ती ऊब पहाटेपर्यंत पुन्हां आकाशांत!

ऊब धरून ठेवण्याचें पाण्याचें सामर्थ्य मात्र मोठें. २२ जानेवारी १९६२ रोजीं सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला असतां समुद्रानें वेढलेल्या कुलाब्यास तो ११.७ वर थांबला. वर्सोव्यासही समुद्राचा शेजार आहे. परंतु हिवाळ्यांत रात्रींचा वारा जमिनीकडून येतो, त्यामुळें सर्वस्वीं त्याच्या भरंवशावर राहतां येत नाहीं. निफाडच्या कडाक्यांत हीटरवांचून गत्यंतर नसेल. येथें मात्र तो अखेरचा उपाय असावा असें आमचें मत झालें.

यजमानांनींही तेंच केलें आहे. सायंकाळीं टाकीवर थर्मोकोलचे जाड तक्ते ठेवतात, कारण बाष्पीभवनानें जाणारी उष्णता सर्वांत अधिक. थंड खडीवरून रात्रभर खेळणारें पाणीही फार निवतें. म्हणून वाफ्यांकडील पंप तासांतून थोडाच वेळ चालतो, हवेचा मात्र अखंड. हीटर आहे, पण पाणी विसाच्या खालीं गेल्यासच तो आपोआप लागतो. पाण्याशीं विजेची गांठ, म्हणून गळतीचा प्रवाह तोडणारा स्विचही बसविला आहे. आणि फार गारठा पडला तर माशांना चक्क एकादशी! यजमानीणबाईंना हें व्रत विशेष पसंत पडलें आहे. त्या स्वतः मात्र त्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी करतात.

आम्ही गेलों त्या सकाळीं हवेचा पारा सोळावर होता, टाकींतला बाविसावर. तक्ते काढतांच मासे तोंडें वर करून जमले. ऊन टाकीवर यावयास अवकाश होता. नातवानें खाद्याचा डबा उचलला, तो आजोबांनीं हातांतून काढून घेऊन फळीवर ठेवला.