दुय्यम पात्रांची साक्ष

रहस्यकथांच्या मालिकेत नायक सहसा बदलत नाही. होम्स असो, ब्योमकेश बक्षी असो की बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, वाचक नवे पुस्तक उघडतो तो त्या परिचित माणसाला पुन्हा भेटण्यासाठी. भोवतालचे अधिकारी आणि स्नेही त्याच्याच उजेडात दिसतात. पुस्तक मिटले की तेही मिटतात. डब्लिनवासी लेखिका टाना फ्रेंच यांनी २००७ ते २०१६ या काळात प्रसिद्ध झालेल्या सहा कादंबऱ्यांत हा प्रघात मोडला. डब्लिन कॅसलमध्ये कचेरी असलेले एक काल्पनिक खून-तपास पथक, एवढाच त्यांतील स्थिर भाग. निवेदन करणारा तपासनीस दर वेळी निराळा, आणि तो आधीच्या कथेत कोठेतरी कडेला उभा असलेला.

‘इन द वूड्स’मधील रॉब रायनची सहकारी कॅसी मॅडॉक्स ही ‘द लाइकनेस’ची (२००८) निवेदक होते. तिला गुप्त कामगिरीवर धाडणारा फ्रँक मॅकी ‘फेथफुल प्लेस’मध्ये (२०१०) स्वतःची कहाणी सांगतो. हा साखळीचा खेळ केवळ कौतुकाचा असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते.

मिक केनेडीचे उदाहरण पाहावे. मॅकीच्या निवेदनात तो नियमांची पोपटपंची करणारा, स्वतःवर खूष असलेला प्रतिस्पर्धी आहे. वाचक त्याला हसतो आणि मॅकीच्या बाजूने उभा राहतो. ‘ब्रोकन हार्बर’मध्ये (२०१२) हाच केनेडी बोलू लागतो. २००८च्या आर्थिक कोसळणीनंतर अर्धवट बांधून सोडून दिलेल्या वसाहतीत एका कुटुंबावर प्राणघातक हल्ला झाला आहे, आणि त्याच किनाऱ्यावर केनेडीच्या आईने त्याच्या किशोरवयात समुद्रात जीव दिला होता. धाकटी बहीण मनोविकाराने ग्रस्त. नियम पाळणाऱ्याच्या वाट्याला अनर्थ येत नाही, या श्रद्धेवर या माणसाने आयुष्य तोलून धरले आहे. मागल्या पुस्तकात जी हास्यास्पद ऐट वाटली, ती बुडणाऱ्याने धरलेली फळी होती. मॅकीने खोटे सांगितले नव्हते. त्याला दिसले तेवढेच सांगितले होते. वाचकाने मात्र ती एकाची साक्ष निकालपत्र म्हणून स्वीकारली.

उलट प्रवास त्याहून बोचरा आहे. मॅकीने केनेडीच्या तपासातील बातम्या मिळवण्यासाठी वापरलेला तरुण पोलीस स्टीफन मोरन ‘द सीक्रेट प्लेस’चा (२०१४) निवेदक आहे. (या कादंबरीत शाळकरी मुलींची प्रकरणे तृतीयपुरुषी आहेत.) मॅकीची नऊ वर्षांची मुलगी हॉली आता सोळा वर्षांची असून खुनाच्या चौकशीत सापडली आहे. मॅकी तेथे येतो तो प्रतिपक्ष म्हणून. ज्याचे बालपण, पहिले प्रेम, भावंडांशी असलेले वैर हे सारे वाचकाला ठाऊक आहे, तो मोरनच्या दृष्टीने केवळ एक धूर्त, धोकादायक बाप उरतो. आतून ओळखलेल्या माणसाला पुन्हा बाहेरून पाहताना वाचकाची जी घालमेल होते, ती एकट्या नायकाच्या मालिकेत संभवत नाही.

फ्रेंच यांनी ट्रिनिटी कॉलेजात अभिनयाचे शिक्षण घेतले आहे. रंगमंचावर दोन वाक्यांपुरता येणारा नटही स्वतःची संपूर्ण हकीकत मनात घेऊन येतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नसेल. ‘द ट्रेसपासर’मध्ये (२०१६) मोरनची तुसडी सहकारी अँटॉइनेट कॉन्वे बोलते, तेव्हा सारे पथक आपल्या विरुद्ध उठले आहे, हा तिचा ग्रह कोठवर खरा आणि कोठून संशयाने पोसलेला, हे तिला स्वतःलाच सांगता येत नाही.

या योजनेला एक कठोर बाजूही आहे. रायनच्या बालपणी, १९८४ मध्ये, रानात नाहीशी झालेली त्याची दोन सवंगडी मुले अखेरपर्यंत सापडत नाहीत, आणि उत्तर घेऊन तोही परतत नाही. अनेक वाचकांना ही फसवणूक वाटली. परंतु निवेदनाचा अधिकार पुढच्याकडे गेला की मागच्याचे दुःख अनुत्तरित राहणार, हे लेखिकेने टाळलेले नाही. उणीव असलीच तर दुसरीकडे आहे. सहाही वेळा मुख्य निवेदन पोलिसाकडेच राहिले. ज्याची चौकशी होते, त्याच्या मुखी कथा गेली नाही.

ते २०१८ मधील ‘द विच एल्म’ या स्वतंत्र कादंबरीत घडले. काकांच्या जुन्या घरी, बागेतील झाडाच्या ढोलीत कवटी सापडते, आणि डोक्यावरच्या आघाताने स्मृती विस्कटलेला टोबी नावाचा तरुण कथा सांगतो. तपासनीस दारातून आत येतात, सौजन्याने बोलतात, चहा घेतात; त्यांच्या मनात काय चालले आहे, हे या खेपेस टोबीला कळत नाही आणि वाचकालाही.