हेक्टरी शिफारस, एकराचे रान

मराठी शेतकऱ्याला वाचायला काही मिळत नाही, अशी तक्रार आता करता येत नाही. कृषी विभागाचे १९६५ पासून निघणारे ‘शेतकरी’ मासिक, २००५ पासून रोज प्रसिद्ध होणारे ‘अ‍ॅग्रोवन’, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’, द्राक्ष बागायतदारांचे ‘द्राक्षवृत्त’ आणि यांत अलीकडे पडलेली यूट्यूबची भर, एवढे सारे हाताशी असताना प्रश्न उरतो तो यांतले विश्वासाने काय वाचावे आणि वाचलेले रानात कसे उतरवावे, हा.

ज्या लेखात सल्ल्याबरोबर त्याच्या अटीही दिलेल्या असतात, म्हणजे जमीन कोणती, पाणी किती, वाण कोणता आणि लागवड केव्हाची, तोच लेख कामाचा. अटी गाळलेला सल्ला कितीही मोठ्या नावाने छापला गेला, तरी तो दुसऱ्याच्या शेताचे वर्णन एवढाच राहतो. अटी कळल्या, तरी शिफारशीचे आपल्या क्षेत्राच्या मापात रूपांतर करण्याचे कसब वाचणाऱ्यालाच कमवावे लागते.

कांद्याचेच पाहावे. त्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश द्यावे, अशी शिफारस सर्रास छापलेली असते. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, तेव्हा एकरी मात्रा ४०:२०:२० ठरते. पण दुकानात नत्र मिळत नाही, युरियाची गोणी मिळते, आणि तिच्यात नत्र असते ४६ टक्के. म्हणजे एकरी सुमारे ८७ किलो युरिया, १६ टक्के स्फुरद असलेले सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो लागते. सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी घेतले, तर स्फुरदासाठी ४३-४४ किलो पुरते. मात्र त्यातून पावणेआठ किलो नत्रही जाते, ते वजा करून युरिया ७० किलोंवर आणावा लागतो. ही वजाबाकी राहून गेली आणि जादा नत्र पीक पोसण्याच्या काळात पडले, तर कांद्याच्या माना जाड राहतात, त्या नीट वाळत नाहीत आणि माल चाळीत सडू लागतो. शिवाय सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असते आणि कांद्याला त्याची गरज असते. डीएपीत ते नसल्याने वेगळे द्यावे लागते. एवढा हिशेब मांडून देणारा लेख रोजच्या गर्दीत क्वचित सापडतो, आणि सापडला की तो कापून वहीत डकवून ठेवावा, अशाच योग्यतेचा असतो.

सल्ल्याला वेळेचेही बंधन असते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका त्या-त्या दिवशीच वाचावी, कारण पावसाचा अंदाज न पाहता केलेली फवारणी धुऊन जाते.

यशोगाथांविषयी मात्र कठोर राहणे भाग आहे. एकरी अमुक लाखांचे उत्पन्न ठळक मथळ्यात सांगायचे आणि रोपे, मजुरी, मंडप, पाणी व वाहतूक यांवर झालेला खर्च एका ओळीत उरकायचा, हा प्रघात घातक आहे, कारण त्या मथळ्याच्या भरवशावर कर्ज काढणारी कुटुंबे खरी असतात. ज्या नियतकालिकात फसलेल्या हंगामाचा जमाखर्चही छापला जातो, त्यालाच वर्गणी द्यावी.

वाचायला वेळ थोडा असेल, तर आधी आपल्या विभागाच्या विद्यापीठाचे वाचावे. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत, आणि कोकणातल्या जांभ्या जमिनीत आंबा-काजू लावणाऱ्याने काळ्या रानासाठी लिहिलेल्या शिफारशी उचलण्याआधी दापोलीचे प्रकाशन उघडून पाहावे.