जिथे गाडी बदलायची, ते गाव

बालमित्रांनो, यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा काढा आणि त्यात आमचं महागाव शोधा. सापडलं? पुसद आणि उमरखेड यांच्या शेजारी आहे बघा. इथे मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या गावाला मोठा रस्ता आहे, एसटी आहे, पण आगगाडी नाही. त्यामुळे पुस्तकात ‘जंक्शन’ हा शब्द आला की वर्गातून हमखास प्रश्न येतो, “बाई, जंक्शन म्हणजे काय असते जी?”

तेव्हा मी मूर्तिजापूरची गोष्ट सांगते. आज तुम्हालाही सांगते.

मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुंबईहून भुसावळ, अकोला करत नागपूरला जाणारा मोठा लोहमार्ग या गावावरून जातो. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. त्याच्या थोडं आधी, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या आणि साहेबांची नजर आपल्या वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. इथला कापूस मुंबईच्या बंदरावर लवकर पोहोचायला हवा होता. रेल्वेची घाई होती ती त्यासाठी.

पण यवतमाळ, दारव्हा, कारंजा ही कापसाची गावं मोठ्या मार्गापासून दूर. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने एक लहान रेल्वे बांधली. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा फाटा अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. हीच आपली लाडकी शकुंतला! १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला कितीतरी वर्षं ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं.

आता नीट लक्ष द्या. गंमत पुढेच आहे.

मोठ्या मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. शकुंतलेच्या रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढेल का? शक्यच नाही. म्हणून यवतमाळहून आलेली कापसाची प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवायची आणि मोठ्या गाडीत चढवायची. त्यासाठी हमाल हवेत. हमाल आले की चहाचं दुकान आलं, खानावळ आली. पुढची गाडी उशिरा असेल तर प्रवाशाला पाठ टेकायला जागा हवी. संत गाडगेबाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गेलं. त्यांनी १९२५ मध्ये मूर्तिजापूरला गोरक्षणाचं काम उभं केलं आणि धर्मशाळाही बांधली. बाजारपेठेचं हे गाव अशा रीतीने वाढत गेलं, आणि त्या वाढीत रुळांच्या रुंदीतल्या फरकाचाही वाटा होता.

माझं आजोळ दारव्ह्याचं. लहानपणी आजीबरोबर मी शकुंतलेने मूर्तिजापूरला जायची. गाडी इतकी हळू चालायची की शेतातला माणूस हाक मारायचा आणि डब्यातला माणूस त्याला सावकाश उत्तर द्यायचा. पण तिकीट स्वस्त होतं. टोपलीत भाजी घेऊन निघालेल्या बाया, मजूर, शाळकरी पोरं, सगळ्यांना ते परवडायचं. साहेबांनी ही गाडी कापसासाठी काढली होती. आमच्या लोकांनी ती आपली करून टाकली.

आता शकुंतला धावत नाही. मग मूर्तिजापूरचं काय झालं? गाव ओस पडलं का? नाही. २००१ च्या जनगणनेत तिथे सुमारे ३८ हजार माणसं होती. २०११ मध्ये ती ४० हजारांच्या आसपास होती. पण याच दहा वर्षांत सबंध अकोला जिल्हा १६ लाख ३० हजारांवरून १८ लाख १३ हजारांवर गेला. म्हणजे जिल्ह्यात १०० माणसांमागे ११ वाढली, मूर्तिजापुरात मात्र जेमतेम ५. गाव आहे तिथेच आहे, फक्त त्याचा वेग शकुंतलेसारखा झाला.

असं दूरदेशीही घडतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात सेंट्रालिया नावाचं गाव आहे. इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीने १८५३ मध्ये ते वसवलं आणि नावही कंपनीवरूनच पडलं. २०१० मध्ये तिथे सुमारे १३ हजार लोक होते, २०२० मध्ये सुमारे १२ हजार.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्हाला हे आकडे कशाला? सांगते. दिवाळी झाली की आमच्या शाळेतल्या काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला निघतात. मुलंही बरोबर जातात. हजेरीपटावर नाव असतं, जागेवर मूल नसतं. आणि २०११ ची जनगणना झाली ती ९ ते २८ फेब्रुवारीला, ऐन ऊसतोडीच्या दिवसांत! त्या सगळ्या दिवसांत जो घराबाहेर असतो, त्याची नोंद तो जिथे असेल तिथे होते. म्हणजे कुणाचं घर इथलं, पण मोजणी उसाच्या फडावर. आकडा खोटा नसतो, पण तो सगळं सांगत नाही.

आमच्या भागात नव्या रेल्वेची वाट बघणं चालू आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. पुढे हा मार्ग पुसद, उमरखेडकडून जायचा आहे. मुलं विचारतात, “गाडी आली म्हणजे आईबाबांना बाहेर जावं लागणार नाही ना?” याचं उत्तर सोपं नाही, मित्रांनो. रूळ दोन्हीकडे जातात. गावात काम असेल तर गाडी माल नेते आणि पैसा आणते. काम नसेल तर तीच गाडी माणसं घेऊन जाते, आणि तीही एसटीपेक्षा लवकर! मूर्तिजापूर वाढलं, कारण तिथे गाडी थांबली की हाताला काम मिळायचं.

तर आता तुमची पाळी. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: आपलं गाव इथेच का वसलं? नदीमुळे, बाजारामुळे, रस्त्यामुळे की रुळांमुळे? कोण कुठून आलं? कोण गेलं, आणि का गेलं? पालकांनो, तुम्हीही जवळ बसा बरं का. जनगणनेच्या कागदावर मावत नाही ते सारं वहीत उतरवून ठेवा. गावाची ती मोजणी तुम्हीच करू शकता.