परात, तांदूळ आणि एक हरभरा

गेल्या शनिवारी बायकोची परीक्षा होती. त्यामुळे सकाळी नऊ ते दुपारी दोन घरात मी आणि पावणेदोन वर्षांची लेक. म्हटलं, त्यात काय मोठं! बटण दाबलं की गाणी म्हणणारा हत्ती होताच की. हत्ती चार मिनिटं टिकला. (त्याच्या खोक्याने आठवडा काढला होता.) मग बाईसाहेब थेट स्वयंपाकघरात, खालच्या ट्रॉलीशी.

शेवटी जमिनीवर जुनी चादर अंथरली, मोठी परात ठेवली, त्यात तीन-चार वाट्या तांदूळ ओतले. सोबत एक स्टीलचा डबा, एक प्लॅस्टिकचा, दोन वाट्या आणि चहाची गाळणी.

आधी तिने नुसते हात खुपसले आणि बोटं हलवत बसली. मग वाटीभर तांदूळ स्टीलच्या डब्यात. खळ्ळ! थांबून माझ्याकडे बघितलं. मग प्लॅस्टिकच्या डब्यात. हा आवाज वेगळा! परत स्टील. मी मोजलं, सलग सतरा वेळा. आमच्याकडे याला टेस्टिंग म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. गाळणीतून तांदूळ खाली पडेनात, तर ती उलटी करून झटकली. मला राहवेना. "अगं असं नाही, असं" करत शिकवायला गेलो, तर माझा हात बाजूला सारला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या बिया, पानं, खडे, शिंपले अशा आसपासच्याच सामानावर. आणि मी रंगीत तांदळाचं 'सेन्सरी किट' कार्टमध्ये टाकून बसलो होतो! आईला फोनवर सांितलं तर म्हणाली, "अरे, त्यात नवीन काय? तू तुरीच्या डाळीत तासन् तास बसायचास."

असो. सगळं छान चाललंय म्हटल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. व्हरायटी हवी म्हणून मूठभर हरभरे टाकले. तेवढ्यात ऑफिसचा मेसेज आला. दोन ओळींचं उत्तर, फार तर अर्धा मिनिट. मान वर केली तर हिचा एक गाल फुगलेला.

पोटात खड्डा पडला. हरभरे, शेंगदाणे असलं कडक, गोल काही लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतं, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी लसीच्या वेळी बजावलं होतं. ओरडलो असतो तर दचकून तिने श्वास आत ओढला असता. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून म्हटलं, "थू कर बाळा, थू." तिने माझ्या तळहातावर थू केलं. ओला, चकचकीत, अख्खा हरभरा.

हात कापत होते. एकेक हरभरा वेचला, फोन बेडरूममध्ये ठेवून आलो. तांदूळही उचलून टाकले. मग कणीक मळली. (माझी पातळच होते, पण या कामाला चालते.) तिने ती थापटली, ओढली, थोडी चाटली, तोंड वाकडं केलं. मी शेजारी मांडी घालून बसलो, काही न शिकवता.

दोन वाजता बायको आली. दारातच पायाखाली तांदूळ करकरले.

"हे काय रे?"

"काही नाही, खेळत होतो."

हरभऱ्याचं रात्री सांगितलं.