परसातील अर्धा गुंठा

शेतीचा विषय निघाला की आपल्या समाजातील पुष्कळ माणसे म्हणतात, "आपल्या नावावर सात-बारा कुठे आहे? आपण मजुरी-नोकरीवाले." ते खोटे नाही. तरीही कुटुंबाच्या या पानावर आम्ही शेतीचाच विषय काढत आहोत. ही शेती घराच्या मागे, मोरीच्या पाण्यावर, अर्ध्या गुंठ्यात होते. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे ५४५ चौरस फूट. तेवढीही जागा नसेल तर कुंपणाला एक वेल आणि मोरीजवळ अळू, एवढ्यानेही सुरुवात होते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून त्यातला एक मुद्दा आम्ही मनात पक्का धरला आहे. जमीन किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. तिच्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते. हे त्यांनी परसबागेसाठी लिहिलेले नाही. पण आपल्या घरी भांडवल नसले तरी हात आहेत, आणि अर्ध्या गुंठ्याला मुख्यतः हातच लागतात.

आमच्या आजीच्या पिढीने गावकीची कामे केली आणि त्या बदल्यात दारोदार फिरून भाकरी मागून आणली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. पुष्कळांनी उपाशी राहून तो शब्द पाळला. भाकरीची टोपली सुटली. पण महिनाअखेरीस कोणाच्या तरी मळ्यावर जाऊन "थोडी भाजी द्या" म्हणणे काही घरांना अजून सुटलेले नाही. ते परसबागेने सुटते, हे आम्ही वस्तीत पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष कामाचे. पहिला पाऊस झाला की शेवग्याची तीन-चार फुटांची फांदी कुंपणाच्या कडेला रोवावी. शेंगांची वाट पाहावी लागते, पण कोवळ्या पाल्याची भाजी त्याआधीच मिळते. जुन्या बांबूंचा मांडव करून त्यावर दोडका, दुधी, घेवडा चढवावा. मोकळ्या जागेत वांगी-मिरचीची रोपे लावावीत. पावसाचा जोर ओसरल्यावर मेथी-पालकाचे लहान वाफे करावेत. सगळे बी एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने टाकावे, म्हणजे भाजीत खंड पडत नाही. अंघोळीचे पाणी अळू आणि केळीला सोडावे. पालेभाजीला सोडू नये. शेणखत नसेल तर पालापाचोळा आणि भाजीची देठे खड्ड्यात कुजवावीत. मावा पडला तर विकतचे विष आणू नये. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात आणि ते पाणी गाळून फवारावे. गावरान वाणाची दोन चांगली फळे बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्यावीत.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. शेवग्याचा पाला आणि पालेभाज्या आहारात हव्यात त्या याचसाठी. पण घरोघरी काय दिसते? वाफे खणायचे बाईने, पाणी घालायचे बाईने, भाजी करायची बाईने, आणि सगळे जेवून उठल्यावर पातेल्याच्या बुडाला उरेल ते खायचेही बाईनेच. अशी परसबाग म्हणजे तिच्या माथी आणखी एक वेठबिगार! हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ साली ज्यांनी मंत्रिपद सोडले, त्यांची तसबीर ज्या घरात आहे तिथे हे शोभत नाही. खणणे आणि पाणी वाहणे पुरुषांनी व मुलांनी करावे. जेवायला सर्वांनी एकदम बसावे. उरलेली भाजी विकून चार पैसे आले तर ते बाईच्या हातात राहावेत. घराच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर तिचेही नाव लावून घ्यावे.

कोणी विचारील, जमिनीचा हक्क सोडून आम्हांला भाजीपाल्यात गुंतवता काय? मुळीच नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. ती मागणी आजही उभी आहे आणि उभीच राहिली पाहिजे. मात्र मोर्चाला जाणाऱ्या माणसाच्या घरी चूल पेटलेली असावी आणि चुलीवर आपल्या हातची भाजी असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनासाठी जमतो. यंदा येताना प्रत्येक घराने बियांची एक पुडी किंवा चार रोपे आणावीत आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना द्यावीत. दान मोठेच असावे लागते असे नाही. दोडक्याच्या दहा बियांनीही शेजारच्या घराचा मांडव भरतो.

जयभीम!