चौरासी कुटियातला पांढरा अल्बम

ऋषिकेशला जायचं ठरलं तेव्हा आईच्या डोक्यात गंगाआरती होती आणि माझ्या डोक्यात बाबांच्या दोन कॅसेट. दुकानातून भरून आणलेल्या, वर बॉलपेनने 'बीटल्स - व्हाइट' लिहिलेल्या. दर रविवारी त्या लागायच्या आणि स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "ती कटकट बंद करा आधी!" बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून घरात कटकट नाही आणि आई फारशी घराबाहेर पडत नाही. तिला हरिद्वारच्या गाडीत बसवलं, तेच खूप होतं.

राम झुला ओलांडून स्वर्गाश्रमाच्या बाजूला आलं की प्रवाहाच्या दिशेने काठाकाठाने चालत राहायचं. दुकानं आणि आश्रम मागे पडतात आणि वनखात्याचं फाटक येतं. हा भाग राजाजी व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे तिकीट काढूनच आत जायचं. खाण्याची पिशवी मात्र माकडांपासून सांभाळा. आत चढ आहे. आई दोनदा थांबली. दोन्ही बाजूंना दगडगोट्यांच्या घुमटाकार ध्यानकुट्या. याच चौरासी कुटिया.

फेब्रुवारी 1968 मध्ये बीटल्स इथे महर्षी महेश योगींकडे भावातीत ध्यान शिकायला आले. त्याआधी सहा महिन्यांपूर्वी त्यांचा मॅनेजर ब्रायन एप्स्टीन वारला होता. जगातला सर्वात गाजलेला बँड, पण घरातला कर्ता गेल्यासारखी अवस्था. इथे विजेवर चालणारी वाद्यं नव्हती, साध्या गिटारी होत्या. सोबत आलेला गायक डोनोव्हन याने जॉन लेननला बोटांनी तारा छेडण्याची एक पद्धत शिकवली. ती 'डिअर प्रूडन्स' आणि 'ज्युलिया'त स्वच्छ ऐकू येते. 22 नोव्हेंबर 1968 ला तीस गाण्यांचा दुहेरी अल्बम आला, कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात. त्यातली बरीच गाणी या टेकडीवर लिहिलेली.

ते इथे असतानाच मार्चमध्ये 'लेडी मॅडोना' बाजारात आलं आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या तबकडीच्या मागच्या बाजूला 'द इनर लाइट' होतं. त्याचं वादन जॉर्ज हॅरिसनने जानेवारीत आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून करून घेतलं होतं. हे बाबांना माहीत होतं का, विचारायचं राहून गेलं.

रिंगो स्टार बेक्ड बीन्सचे डबे भरून पेटी घेऊन आला आणि दोन आठवड्यांच्या आत परतला. (बहुधा डबे संपले असावेत.) आश्रमात आलेला एक अमेरिकन तरुण मध्येच आईसोबत वाघाच्या शिकारीला जाऊन आला. त्याच्यावर जॉनने 'बंगलो बिल' लिहिलं. आज तिथेच व्याघ्र प्रकल्पाची पाटी आहे!

शेवट मात्र गोड झाला नाही. महर्षींबद्दल काही आरोप कानावर आले आणि एप्रिलमध्ये जॉन, जॉर्ज रागाने निघून गेले. पुढे आश्रमही ओस पडला, भिंतींतून झाडं उगवली. बाबा कॉलेजात असताना मित्रांबरोबर इथवर आले होते, पण आत जाता आलं नव्हतं. वनखात्याने ही जागा लोकांसाठी उघडली ती डिसेंबर 2015 मध्ये. सत्संग सभागृहाच्या भिंतींवर रंगवलेले मोठमोठे चेहरे सगळेजण फोटोत घेतात. मला रंग उडालेल्या रिकाम्या खोल्या जास्त आवडल्या.

एका कुटीच्या पायरीवर बसलो. मी आईला प्रूडन्स फॅरोची गोष्ट सांगितली. ही मुलगी ध्यानात इतकी बुडाली की खोलीबाहेरच येईना. तिला बाहेर काढायचं काम जॉन आणि जॉर्जवर सोपवलं होतं. त्यावरून ते गाणं झालं.

"मग आली का बाहेर?"

"आली. पुढे स्वतःच ध्यान शिकवायला लागली."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लाव ते."

मोबाइलवर अगदी हळू आवाजात लावलं. गिटार सुरू झाली आणि आईने मान हलवली.

"हे दुसरं. विमानाच्या आवाजानंतरचं."