दर्याचा वाटा

मे महिन्यात मालवणला जाणाऱ्या मुंबईकराचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी सुरमईचे तिखले आणि वर सोलकढी, मग आडवे होणे. संध्याकाळी तारकर्लीची वाळू आणि निघताना पिशवीत खाजे व कोकम. यात वावगे काहीच नाही. परंतु ती सुरमई ताटात येण्याआधी कुठे होती, कोणी आणली आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हा विचार सोलकढीच्या दुसऱ्या वाटीबरोबर सहसा विरघळून जातो. मालवणचा उन्हाळा खऱ्या अर्थाने पाहायचा, तर तो पहाटे दर्यावर आणि ओहोटीला किनाऱ्यावर पाहावा.

मालवणच्या समोर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि तीन वर्षांत किल्ला उभा केला. बेटाभोवती पाण्याखाली दडलेल्या खडकांची रांगच आहे. शत्रूच्या गलबतांना या खडकांची धास्ती वाटे. माशांना मात्र ते माहेर! खडकाला शेवाळ धरते, कालवे चिकटतात, त्यांच्या आशेने लहान मासे येतात आणि लहानांच्या मागोमाग मोठे. महाराजांचा किल्ला अशा रीतीने दोन राज्ये सांभाळून आहे. एक तटाच्या आत, दुसरे पाण्याच्या आत.

उन्हाळ्यातली मासेमारी ठरवतो तो वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण घोकले, ते इथे अंगावर घेता येतात. रात्रभर निवलेल्या जमिनीवरून पहाटे समुद्राकडे वाहतो तो मतलई. शिडाच्या होड्यांच्या काळात याच वाऱ्यावर गाबीत मंडळी बाहेर पडत आणि दुपारी जमीन तापून खारा वारा सुटला, की त्यावर घरी येत. निसर्गाने फुकटात घातलेली ही जा-ये! आता होड्यांना यंत्रे आली, तरी लहान होडी पहाटेच निघते. कारण वैशाखात दुपारनंतर खारा वारा असा काही उसळतो, की होडीत बसलेल्याच्या पोटातली न्याहारी पुन्हा दर्शन देते.

होडीतून गळ टाकून मासे धरणे, याला इकडे ‘गरवणे’ म्हणतात. साहित्य अगदी साधे: लांब दोरी, शिशाचे वजन, गळ आणि त्याला बांगड्याचा किंवा सुंगटाचा तुकडा. खरी विद्या आहे ती जागा शोधण्याची. किल्ला पाठीशी टाकून होडी बाहेरच्या खडपाकडे निघाली, की चोहीकडे सारखेच पाणी दिसते. पण तांडेल मागे वळून किनाऱ्याकडे बघत असतो. अमुक बुरूज तमक्या डोंगराच्या खोंडीवर आला, ही एक रेघ; देवळाचा कळस माडांच्या राईशी जुळला, ही दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पाण्याखाली खडप. बापाने मुलाला दाखवायच्या त्या या खुणा. शेताच्या सातबारासारख्या, फक्त कागदावर न उतरलेल्या. जागा बरोबर साधली, तर तांबोशी किंवा गोबरा गळाला लागतो. तो लागला, की दोरी बोटातून अशी सरसरते, की आपण मासा धरला की माशाने आपल्याला, हे क्षणभर कळेनासे होते.

किनाऱ्यावरच्या मासेमारीला पंचांग लागते. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब वाचकांनी जरूर लक्षात ठेवावा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणून भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास. हिशेब ढोबळ, पण घड्याळापेक्षा जुना. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, पाणी दूरवर हटते आणि खडक उघडे पडतात. तेव्हा बायका कालवे काढायला निघतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची ये-जा बेताची. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून एखादा म्हातारा पाग फेकतो. ते गोल जाळे हवेत घागऱ्यासारखे फुलते आणि पाण्यावर अलगद बसते. मुडदुश्या मिळाल्या, तर त्या दिवशी त्याच्या घरी पाहुणा यावा, अशी आपली इच्छा असते. आणि पाहुणा आपणच असावा, अशीही!

मात्र किनाऱ्याचा राजा म्हणजे रापण. तिचा भर आश्विनापासून पौषापर्यंत. पावसाळ्यात समुद्राच्या खालच्या थरातले क्षार वर येतात, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात आणि त्यांच्या मागे तारली-बांगड्यांचे थवे किनाऱ्याला लागतात. उन्हाळ्यात पाणी तापते, थवे विरळ होतात, म्हणून मे महिन्यात रोज रापण लागेलच असे नाही. पण लागली, तर हातातला चहा टाकून धावावे. एका दोराचे टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे सोडत निघते, समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि दुसरे टोक घेऊन लांब किनाऱ्याला येते. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात आणि ओढ सुरू होते. घटकाभराचे नव्हे, तासन्‌तासांचे काम! दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, वर घारी आणि कुरव घिरट्या घालू लागतात, आणि शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर येते तेव्हा चांदीची रास ओतल्यासारखे वाटते.

अशाच एका ओढीत आमच्या गिरगावच्या दहा वर्षांच्या भाच्याने दोराला हात घातला. हाताला फोड येईपर्यंत तो हटला नाही. मासे वाटायला घेतले तेव्हा तांडेलाने चार बांगडे त्याच्यापुढे टाकले. “घे रे झिला, ह्यो तुझो वाटो.” आमच्या बहिणीने शहरी सवयीने पर्स उघडली. म्हातारा हसला. “बाये, वाट्याक पैशे नसतत.”

रापणीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. मासा विकत घ्यायचा, तर बाजारात जावे; किनाऱ्यावर तो आधी वाटला जातो. दर्या कोणाच्या नावावर नाही, म्हणून त्यातले धन एकट्याने न्यायचे नाही, हा तो कायदा.

या कायद्यालाच आज धक्का बसला आहे. पर्ससीन नावाचे प्रचंड जाळे थव्याभोवती टाकतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसे खालून आवळतात. अख्खा थवा समुद्रातच उचलला जातो. किनाऱ्यावर दोर धरून बसलेल्यांच्या वाट्याला नुसत्या लाटा. शेजारच्या गोव्यात रांपणकारांनी १९७० च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध लढा दिला. आपल्याकडे १९८१ साली सागरी मासेमारीचा कायदा झाला, २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आले, २०१७ साली एलईडी दिव्यांनी मासे धरण्यावर केंद्राने बंदी घातली आणि २०२१ साली राज्याने दंड वाढवले. तरीही रात्री क्षितिजावर दिवे चमकले, की किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांची झोप उडते. दुसरीकडे, सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. खडक आणि प्रवाळ राखावेत, हे खरेच. पण पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर पोट भरणाऱ्याला न विचारता त्याच्यासाठी पाणी राखायचे कसे, हा गाबितांचा सवालही खोटा नव्हे.

वैशाख सरत येतो तसा किनाऱ्याचा रंग बदलतो. आगोटीची बेगमी सुरू होते. वाळूत मीठ लावलेले बांगडे सुकतात, जाळी दुरुस्त होतात, होड्या ओढून वर घेतात व माडाच्या झापांनी शाकारतात. १ जूनपासून यांत्रिक नौकांना बंदी. पश्चिम किनाऱ्यावर ती ६१ दिवसांची. दर्याही मग खवळतो. ज्या दिवसांत मासे अंडी घालतात, त्या दिवसांत त्यांच्या वाटेला जायचे नाही, ही समज कायद्याच्या आधीपासूनची. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ समुद्राला अर्पण होतो. वर्षभर दर्याने वाटा दिला. त्या दिवशी माणसे दर्याचा वाटा देतात.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात मालवणला जाल, तर तिथी बघून जा. रापण लागलेली दिसली, तर लांबून फोटो काढत उभे राहू नका. चपला वाळूत काढा, दोराला हात घाला. मुलांना तर अगत्याने घालू द्या. हाताला फोड येतील. पण मासा दुकानातून येत नाही, दर्यातून येतो आणि तो सर्वांचा असतो, हे त्यांना कळेल. कोणी बांगडा पुढे केला, तर मात्र पाकीट काढू नका. निमूटपणे आपला वाटा घ्या.